जुनी गो-कार्ट दुरुस्त करून पुन्हा चालती करताय? मग पार्ट असे शोधा

जुनी गो-कार्ट (नळ्यांच्या फ्रेमवर छोटं इंजिन बसवलेली बुटकी रेसिंग गाडी) हाती लागली की नवखा माणूस पहिलं काय करतो, तर कार्टचं नाव टाकून इंटरनेटवर पार्ट शोधायला बसतो आणि काहीच सापडत नाही म्हणून वैतागतो. सापडणार कुठून, ती कंपनी कधीच बंद पडलेली असते. पण गंमत अशी की त्या कंपनीने कार्टमधले बहुतेक पार्ट बनवलेलेच नव्हते. आर्ट इंगल्सने १९५६ मध्ये कॅलिफोर्नियात पहिली कार्ट बनवली तेव्हापासून हे असंच आहे, त्याने नळ्या जोडून फ्रेम केली आणि वर वेस्ट बेंड कंपनीचं, गवत कापायच्या मशीनसाठी बनवलेलं इंजिन बसवलं. पुढे कंपन्या आल्या त्यांनीही तेच केलं, फ्रेम स्वतःची आणि इंजिन, क्लच, चेन, बेअरिंग, ब्रेक, रिम, टायर सगळं बाहेरून आणलेलं. म्हणून कार्टच्या नावाने शोधायचं नाही, पार्टच्या मापाने आणि पार्ट ज्याने बनवला त्याच्या नंबराने शोधायचं. खाली जे काही लिहिलंय ते सगळं याच एका गोष्टीभोवती आहे.

पायरी १: खोलण्याआधी थांबा

खोलायला हात शिवशिवत असतात, कळतं, पण आधी मोबाईलवर फोटो काढा. चारही बाजूंनी, आणि मग जवळून, म्हणजे पेडलपासून ब्रेकपर्यंतची केबल कुठून कशी गेलीय, वॉशर बोल्टच्या कुठल्या बाजूला आहे, स्पेसर किती आणि कुठल्या चाकाला आहेत. शेजारी मोजपट्टी ठेवून काढलेला फोटो पुढे फार कामाला येतो. फ्रेम घासून साफ करण्याआधी स्टिकरची मापं घ्या आणि फोटो काढून ठेवा, एकदा घासलं की ते गेलं.

प्रत्येक भागाचे नटबोल्ट वेगळ्या पिशवीत, वर चिठ्ठी. आणि काहीही फेकायचं नाही! तुटलेला, गंजलेला, वाकलेला पार्टसुद्धा नवीन पार्ट जागेवर बसून चालेपर्यंत ठेवायचा, कारण माप त्याच्यावरूनच घ्यायचंय. अर्धा तुटलेला ब्रॅकेट हातात असेल तर दुसरा बनवता येतो, नसेल तर अंदाजपंचे.

पायरी २: ओळख पटवा, पण फ्रेमची वेगळी आणि इंजिनाची वेगळी

फ्रेमवर कंपनीच्या नावाची पट्टी असेल तर नशीब. नसेल तर इंजिन बसतं ती प्लेट, मागची आडवी नळी, पुढचा पाय ठेवायचा भाग इथे ठोकलेले आकडे शोधा, रंगाचे थर हळूहळू काढत, ग्राइंडर लावून नाही. मग नळीचा व्यास, पुढच्या मागच्या चाकांमधलं अंतर, सीटखालची नळी कशी वळलीय, इंजिन बाजूला आहे की मागे, हे सगळं जुन्या कॅटलॉग आणि जाहिरातींच्या चित्रांशी ताडून बघायचं. अमेरिकन असेल तर गो कार्ट मॅन्युफॅक्चरिंग, बग, रप, सिम्प्लेक्स, मार्गे अशी नावं पुढे येतील, युरोपियन असेल तर टोनी कार्ट, बिरेल, टेक्नो. यातल्या मार्गे, टोनी कार्टसारख्या काही कंपन्या आजही कार्ट बनवतात, पण म्हणून तुमच्या जुन्या मॉडेलचा पार्ट त्यांच्या कपाटात पडून असेल असं धरून चालू नका.

अमेरिकन की युरोपियन एवढं जरी कळलं तरी निम्मं काम झालं, कारण त्यावरून माप इंचात आहे की मिलिमीटरमध्ये ते ठरतं. इंग्लंडची जुनी कार्ट असेल तर व्हिटवर्थचे (जुन्या ब्रिटिश मापाचे) आटेही निघू शकतात, तो आणखी वेगळा घोळ.

आणि फ्रेमवर जे इंजिन आहे ते तिचं मूळचंच असेल असं अजिबात नाही. चाळीस-पन्नास वर्षांत इंजिन दोनतीनदा बदललेलं असणं अगदी साधी गोष्ट आहे.

पायरी ३: पार्टचे तीन ढीग करा

पहिला ढीग बाजारात कुठेही मिळणाऱ्या वस्तूंचा: बेअरिंग, ऑइल सील, चेन, नटबोल्ट, केबल, रॉड एंड (स्टिअरिंगच्या दांड्याच्या टोकाचा फिरता सांधा), की (शाफ्टच्या खाचेत बसणारी छोटी पट्टी). हे मशिनरीच्या दुकानात मिळतं, तिथे कार्ट हा शब्द काढायचीसुद्धा गरज नाही. दुसरा ढीग ज्या पार्टवर दुसऱ्या कंपनीचं नाव आहे त्यांचा, म्हणजे इंजिन, कार्ब्युरेटर, क्लच, ब्रेक कॅलिपर, रिम. तिसरा ढीग फक्त याच कार्टचे पार्ट, म्हणजे सीटचा साचा, बंपर, पेडल, स्टिअरिंगचा खांब, हबकॅप, स्टिकर. तिसरा ढीग बघून लोक घाबरतात पण तो बहुतेक वेळा सगळ्यात लहान असतो, आणि खरी शोधाशोध फक्त त्याचीच.

पायरी ४: माप घ्यायला शिका

एक बरा डिजिटल व्हर्नियर आणि इंच व मेट्रिक दोन्ही पात्यांचा थ्रेड गेज, एवढं घ्याच. यावर कंजूषी केलीत तर चुकीचे पार्ट मागवण्यात त्याच्या कितीतरी पट पैसे जातील.

आट्यांचं उदाहरण घ्या. ५/१६ इंचाचा बोल्ट ७.९४ मिमी जाडीचा असतो आणि एम८ आठ मिमीचा, नुसत्या डोळ्यांनी दोन्ही सारखेच. पण ५/१६ च्या जाड आट्यांच्या बोल्टला इंचात १८ आटे, म्हणजे साधारण १.४१ मिमीला एक, आणि नेहमीच्या एम८ ला १.२५ मिमीला एक. नट एकदोन फेरे छान फिरतो, मग जड होतो, आपल्याला वाटतं गंज असेल, पाना लावून ओढतो आणि आटे खलास. हाताने फिरेनासं झालं की थांबायचं आणि गेज लावायचा, बस.

बेअरिंग सगळ्यात सोपं कारण नंबर त्याच्यावरच कोरलेला असतो. मेट्रिकमध्ये शेवटचे दोन आकडे गुणिले पाच म्हणजे आतलं भोक मिमीमध्ये, ६२०४ म्हणजे २० मिमी, ६२०५ म्हणजे २५. ०४ च्या खालचे मात्र पाठ करायचे: ०० म्हणजे १०, ०१ म्हणजे १२, ०२ म्हणजे १५, ०३ म्हणजे १७. नंबरामागची अक्षरंही उतरवून घ्या. झेडझेड म्हणजे दोन्ही बाजूंना पत्र्याचं झाकण, २आरएस म्हणजे रबराचं. सी३ किंवा सी४ लिहिलं असेल तर आत मुद्दाम जास्त ढिलाई ठेवलेली आहे, टू-स्ट्रोकच्या क्रँकला (पिस्टन ज्याला फिरवतो तो मुख्य शाफ्ट) बरेचदा असंच बेअरिंग असतं आणि तिथे दुकानदाराने दिलेलं साधं बेअरिंग घातलं तर इंजिन तापल्यावर ते आवळतं. नंबर पुसला गेला असेल तर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि रुंदी ही तीन मापं पुरतात. ऑइल सीलचंही तसंच, तीन आकडे.

मागच्या एक्सलला विशेष जपा. १ इंच म्हणजे २५.४ मिमी, आणि युरोपियन एक्सल २५ मिमी. फरक दिसायला ०.४ मिमीचा, पण २५ चं बेअरिंग १ इंची एक्सलवर चढणारच नाही आणि उलट केलंत तर खडखडणार. सव्वा इंच आणि ३० मिमीचीही हीच भानगड. व्यास एक्सलच्या मधोमध मोजा, बेअरिंगच्या जागी तो झिजलेला असतो.

चेनसाठी पिच बघायचा, म्हणजे एका पिनच्या मध्यापासून पुढच्या पिनच्या मध्यापर्यंतचं अंतर. एकच पिच मोजू नका, चेन ताणून दहा पिच मोजा आणि दहाने भागा. ३/८ इंच आला तर ३५ नंबरची चेन, अर्धा इंच आला तर ४० किंवा ४१ (मोटरसायकलवाले ४२० म्हणतात तीही अर्ध्या इंचाचीच, फरक रुंदीत), ७.७७ मिमी आला तर रेसिंग कार्टची २१९. झिजलेली चेन लांबते हे धरून चला, ३५ ची बारा पिच नवी असताना साडेचार इंच भरते, त्यापेक्षा दोन-तीन टक्के जास्त भरली तर ती बाद, आणि नवी चेन घ्याल तेव्हा स्प्रॉकेटचे दात टोकदार झालेत का तेही बघा नाहीतर नवी चेनही लवकरच जाते.

मागच्या स्प्रॉकेटचं घोडं नेहमी बोल्टच्या भोकांपाशी अडतं. दात मोजले, चेन नंबर कळला, स्प्रॉकेट मागवलं आणि भोकं जुळेनात! सहा किंवा चार भोकं असतील तर समोरासमोरच्या दोन भोकांचं मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर म्हणजे बोल्ट सर्कल. मध्य कुठे शोधत बसायचा, त्यापेक्षा एका भोकाच्या डाव्या कडेपासून दुसऱ्याच्या डाव्या कडेपर्यंत मोजा, तेच उत्तर येतं. तीन भोकं असतील तर समोरासमोर भोकच नसतं, मग शेजारच्या दोन भोकांतलं अंतर गुणिले १.१५५. पाच असतील तर शेजारचं अंतर गुणिले १.७०१. हे आकडे शेडच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवा.

पायरी ५: इंजिन

इथे वेळ द्या. जुन्या कार्टवर साधारण तीन जातीची इंजिनं दिसतात. एक, ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन, टेकम्से वगैरे फोर-स्ट्रोक, जी मुळात शेती-बागेच्या यंत्रांसाठी बनली. दोन, अमेरिकन टू-स्ट्रोक, मुख्यतः मॅककलक आणि वेस्ट बेंड. तीन, खास रेसिंगची १०० सीसी, म्हणजे इटालियन परिला, कोमेट आणि जपानी यामाहा केटी१००.

ब्रिग्जचं बरं आहे. इंजिनाच्या पत्र्याच्या कव्हरवर मॉडेल, टाइप आणि कोड असे तीन नंबर ठोकलेले असतात, तिन्ही लागतात. कोडचे पहिले दोन आकडे वर्ष, पुढचे दोन महिना, पुढचे दोन तारीख, म्हणजे कोड ७९०६०५ ने सुरू होत असेल तर इंजिन ५ जून १९७९ चं. फक्त एक लक्षात घ्या, हे कव्हर चार बोल्टवर निघतं आणि लोक ते एका इंजिनाचं दुसऱ्याला लावतात, त्यामुळे क्रँकचा शाफ्ट, बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) मोजून खात्री करा. जुन्या पाच हॉर्सपॉवरच्या ब्रिग्जला शाफ्ट सहसा पाऊण इंची आणि त्यात ३/१६ ची की. क्लच घेताना हेच सांगायचं: शाफ्टचा व्यास, कीची रुंदी, चेनचा नंबर, दात किती. कार्टचं नाव सांगून क्लचवाल्याला काही कळणार नाही.

मॅककलकची कार्ट इंजिनं, एमसी-१० पासून पुढे एमसी-९१, एमसी-१०१ पर्यंत, त्यांच्याच चेनसॉच्या घराण्यातली. म्हणून शोधताना जुन्या चेनसॉचे पार्ट विकणाऱ्यांकडेही बघायचं, सील, बेअरिंग, स्टार्टरचे, इग्निशनचे काही पार्ट दोन्हीकडे एकच निघतात. खात्री करायची पद्धत अशी, दोन्हींची पार्ट्स लिस्ट मिळवायची (जुन्या लिस्ट स्कॅन करून ठेवलेल्या सापडतात) आणि नंबर शेजारी शेजारी ठेवून बघायचे. दिसतं तर सारखंच म्हणून घेऊ नका. वेस्ट बेंडचा आउटबोर्ड इंजिनाचा धंदा १९६५ मध्ये क्रायस्लरने घेतला, त्यामुळे त्या इंजिनांचे पार्ट क्रायस्लरच्या नावानेही मिळतात, हे माहीत नसलं तर निम्मा माल नजरेआडच राहतो.

केटी१०० असेल तर नशीबवान आहात. ५२ मिमी बोअर, ४६ मिमी स्ट्रोक, ९७.६ सीसी, आणि ते इतकी वर्षं रेसिंगमध्ये चाललं की पार्ट अजूनही मिळतात.

नंबरांबद्दल एक. धातूत उठून दिसणारा ओतकामाचा नंबर म्हणजे पार्ट नंबर नव्हे. तोच ओतीव तुकडा वेगवेगळी भोकं पाडून दोनतीन पार्टसाठी वापरलेला असू शकतो. आणि जुना नंबर टाकून काही आलं नाही तर तो बदलून नवा नंबर दिला गेलाय का ते बघा, कंपन्या हे सतत करत असतात.

पिस्टनचा नियम साधा आहे, आधी पिस्टन हातात, मग बोअरिंग. जुन्या पिस्टनच्या डोक्यावर ०.०१०, ०.०२० असं काही ठोकलेलं असेल तर बोअर आधीच तेवढ्या इंचाने मोठं केलेलं आहे. वर्कशॉपवाला म्हणतो देतो वीसवर (म्हणजे ०.०२० इंचावर) करून, आणि नंतर कळतं वीसचा पिस्टन जगात कुठे शिल्लकच नाही, तिसाचा आहे.

कार्ब्युरेटर टू-स्ट्रोकला बहुतेक टिलॉटसनच्या एचएल जातीचा, बॉडीवर एचएल आणि पुढे नंबर असतो, त्या नंबराने डायफ्रॅम-गॅस्केटचा किट मागवायचा, कंपनी अजून चालू आहे. पूर्ण कार्ब बदलायची घाई नको, बॉडी ठीक असेल तर किटवर भागतं. इग्निशनमध्ये पॉइंट, कंडेन्सर, कॉइल. जुन्या ब्रिग्जला पॉइंटची फट ०.०२० इंच. पॉइंट घासून साफ होतात, कंडेन्सर मात्र नवाच टाका.

पायरी ६: जुना साठा, नवी नक्कल की वापरलेला?

जुना न वापरलेला माल, ज्याला सगळे एनओएस म्हणतात, त्याच्या खोक्यावर लोक भाळतात. धातूचा पार्ट असेल तर जरूर घ्या, क्रँक, गिअर, स्प्रॉकेट, पिस्टन, उत्तम. पण रबर, डायफ्रॅम, सील, टायर, ट्यूब, कंडेन्सर यांच्याबाबतीत सीलबंद खोक्याला काडीची किंमत नाही, रबर पाकिटातसुद्धा कडक होतं. टू-स्ट्रोकच्या क्रँकचं सील कडक झालं की हवा आत ओढली जाते, मिश्रणात हवा जास्त आणि पेट्रोल कमी होतं आणि पिस्टन जाम, म्हणजे स्वस्तातल्या सीलपायी आख्खं इंजिन. रबर नेहमी ताज्या उत्पादनाचं घ्या. भिंतीवर मांडायच्या गाडीला जुने टायर ठेवायचे तर ठेवा, चालवायच्या गाडीला नाही.

ब्रेकच्या ओ-रिंगला तर आणखी जपा. डॉट ३ किंवा डॉट ४ ब्रेक ऑइल घालणार असाल तर ईपीडीएम रबराच्याच रिंगा हव्यात. दुकानात सहज मिळणारी काळी रिंग बहुधा नायट्राइलची असते, मापाला चपखल बसते, आणि ब्रेक ऑइलमध्ये फुगते. उलट मिनरल ऑइल असेल तर ईपीडीएम फुगतं. माप बरोबर म्हणजे पार्ट बरोबर असं नाही, ते हे.

वापरलेले पार्ट स्वस्त पडतात, आणि कधीकधी एक-एक पार्ट जमवण्यापेक्षा त्याच जातीची दुसरी मोडकी कार्ट घेणं परवडतं. तिसऱ्या ढिगातले पार्ट मिळवायचा हाच सगळ्यात सरळ मार्ग.

पायरी ७: विकणाऱ्याला काय विचारायचं

जुन्या कार्टच्या स्पर्धा आणि मेळावे होतात (अमेरिकेत व्हिंटेज कार्टिंग असोसिएशन आहे), तिथे जुने रेसर गाडीच्या डिकीत पार्ट घेऊन येतात आणि एक ओळखीचा झाला की तो पुढच्या चौघांची नावं सांगतो. ऑनलाइन शोधताना मात्र विकणाऱ्याला स्वतःलाच आपण काय विकतोय ते माहीत नसतं हे धरून चला. त्यामुळे 'जुनं छोटं इंजिन', 'चेनसॉ पार्ट लॉट' असलंही काही टाकून बघा आणि फोटो नीट बघा, स्पेलिंगही उलटसुलट करून बघा.

विचारायचं ते नेमकं विचारा. 'चांगला आहे का' याला 'एकदम मस्त' हेच उत्तर येणार. त्यापेक्षा शाफ्टवर व्हर्नियर लावलेला फोटो मागा, आट्यांचा जवळून फोटो मागा, कीची खाच दाखवा म्हणा, इंजिन असेल तर प्लग काढून आतला फोटो. 'ठेवलं तेव्हा चालू होतं' या वाक्याचा अर्थ आता बंद आहे, एवढाच घ्यायचा.

पायरी ८: काय बनवून घ्यायचं आणि काय नाही

स्पेसर, बुश, ब्रॅकेट, पेडल, इंजिनाची प्लेट, चेनगार्ड हे लेथवाल्याकडून आणि वेल्डरकडून खुशाल करून घ्या, जुना नमुना दिला की झालं. पण पुढच्या चाकांचे स्पिंडल (चाक ज्यावर फिरतं तो दांडा), किंगपिन (चाक ज्याभोवती वळतं ती पिन), स्टिअरिंगचे आर्म, टायरॉड यांच्यावर वेल्डिंगची डागडुजी नको. एकतर नवे घ्या नाहीतर जुने भेगा दाखवणाऱ्या डाय पेनिट्रंटने तपासून घ्या. रॉड एंड घेताना एका टोकाला उलटे आटे असतात का बघा, असतातच बहुतेक. स्टिअरिंगचे बोल्टही डोक्यावर खूण असलेलेच, मेट्रिकमध्ये किमान ८.८, इंचात तीन रेघा म्हणजे ग्रेड ५ आणि सहा रेघा म्हणजे ग्रेड ८. डोकं कोरं असेल तर तो बोल्ट नंबर प्लेटला लावा.

दोन गोष्टी जिवाशी खेळ आहेत म्हणून इथेच सांगतो. कार्टच्या बऱ्याच रिम दोन अर्ध्या भागांच्या असतात, बोल्टने जोडलेल्या, तर ते बोल्ट ढिले करण्याआधी टायरमधली हवा पूर्ण काढायची, व्हॉल्व्हची पिन बाहेर काढूनच. आणि जुन्या ब्रेकच्या, क्लचच्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं, ती धूळ हवेच्या प्रेशरने उडवायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची आणि मास्क लावायचा.

पायरी ९: रंगाआधी सगळं एकदा जोडा

खरेदीचा क्रम स्टिअरिंग, ब्रेक, चाकं, मग इंजिन, मग क्लच-चेन, आणि सीट कव्हर, स्टिकर, क्रोम सगळ्यात शेवटी. पार्ट आले की फ्रेम रंगवायला टाकू नका, कच्च्या फ्रेमवर पूर्ण कार्ट जोडून बघा. सरळ पट्टी लावून पुढचं-मागचं स्प्रॉकेट एका रेषेत आहे का, स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवल्यावर टायर कुठे घासतंय का, ब्रेक सोडल्यावर चाक मोकळं फिरतंय का, इंजिन सरकवून चेन ताणायला जागा उरतेय का. भोक पाडायचं, कान वेल्ड करायचा तो आत्ताच. मग परत खोला आणि पावडर कोटिंगला देताना किंगपिनची भोकं, बेअरिंग बसायच्या जागा आणि सगळे आटे झाकायला सांगा, लेखी सांगा, नाहीतर रंगाचा थर चढलेल्या भोकात किंगपिन जाणार नाही आणि मग तोच नवा रंग घासत बसावं लागेल.